तीन बोटांची फट

फट या शब्दाला आपल्या मराठीत फारशी प्रतिष्ठा नाही. दरी म्हटली की कवीला काव्य सुचते, अंतर म्हटले की प्रेमिकांचे डोळे पाणावतात. पण फट म्हटली की आठवतात त्या पाली, झुरळे आणि गळके पाणी! ज्या फटीवर मी लिहिणार आहे, ती तर एका मालवाहू गाडीची आहे. वाचकांनी नाक मुरडण्यापूर्वी एवढेच सांगते की, आमच्या घराची दोन वर्षे या तीन बोटांच्या फटीत अडकली होती.

आमच्या समुद्रपूर तालुक्यात कापूस आहे आणि तो वाहून नेणारी गाडीही आहे. पूर्वी बंडी होती. बंडीला तट्टे लावून कापूस भरायचा, वर बसून बैल हाकायचे आणि चांदण्यात हिंगणघाटचा रस्ता धरायचा. हाकणारा कापसावरच बसलेला असल्याने गाडीवान आणि माल यांच्यात फट पडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे मॅटाडोर आल्या. 2005 साली टाटांची एस ही गाडी निघाली आणि लोकांनी तिचे 'छोटा हत्ती' असे बारसे केले. आमच्या बाबांनी कर्ज काढून घेतली ती मात्र जुनी पिकअप. पुढे चालकाचे कॅबिन, मागे डाला. डाल्यावर बसवायला त्यांनी दुसऱ्या एका गाडीची पत्र्याची टप मिळवली. ती मोडीच्या भावात मिळाली, म्हणून सगळे खूष होते. कॅबिनच्या पाठीशी टेकणारी तिची पुढची बाजू मोकळीच होती. नुसती लोखंडी चौकट. कॅबिनची पाठ आहे, मग निराळा पत्रा कशाला, असा हिशेब. कॅबिन आणि चौकट यांच्यामध्ये राहिली ती आमची फट.

ही फट कारखानदाराने निष्काळजीपणाने सोडलेली नसते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. कॅबिन आणि डाला ही दोन्ही एकाच चासीवर बसलेली असली, तरी ती स्वतंत्रपणे बसलेली असतात. कॅबिनखाली रबराचे ठोकळे असतात, त्यामुळे ते किंचित डुलते. रस्त्याच्या खड्ड्यात एक चाक खाली गेले की चासी पिळवटते, आणि डाला एकीकडे तर कॅबिन दुसरीकडे कलते. दोघांत जागा नसती तर पत्र्याने पत्रा कापला असता. फट ही गाडीची गरज आहे. पण पावसाला हे कोणी सांगावे?

नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस विदर्भात अवकाळी पाऊस आला. त्या दिवशी आमच्या गाडीत आमचा कापूस नव्हता. शेजारच्या काकूंचा सहा क्विंटल कापूस बाबा भाड्याने हिंगणघाटला नेत होते. काकूंना नवरा नाही. शेत आणि दोन मुले आहेत. जामच्या चौकाच्या अलीकडे सर आली. टपावरून पाणी दोन्ही बाजूंना पडले, मागचा फाळका घट्ट होता. पण कॅबिनच्या छपरावरचे पाणी वाऱ्याने मागे सरकत त्या फटीत उतरले आणि कापसाच्या पुढच्या थरात मुरत गेले. जिनिंगमध्ये ओलावा मोजण्याचे यंत्र कापसात खुपसले तेव्हा आकडा चौदाच्या वर गेला.

हा आकडा काय आहे, हे शहरातल्या मित्रमैत्रिणींना सांगायला हवे. 1970 साली स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने कापूस घेते, तेव्हा आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव असतो. पुढच्या प्रत्येक टक्क्याला भावातला एक टक्का कापला जातो आणि बाराच्या वर कापूस घेतलाच जात नाही. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7020 रुपये होता. म्हणजे एका टक्क्याला सत्तर रुपये वीस पैसे. बारा टक्के भरले तर सहा क्विंटलमागे 1684 रुपये 80 पैसे गेले. आणि बाराच्या पुढे गेले की खाजगी व्यापारी म्हणेल तो भाव. 2006 साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हाही होता. अशा जिल्ह्यात टक्का ही गणिताच्या पुस्तकातली गोष्ट राहत नाही.

बाबांनी काकूंना कापूस कसा भिजला ते सांगितले आणि भावातला फरक स्वतःच्या खिशातून भरला. काकू घ्यायला तयार नव्हत्या. "पाऊस का तुमी पाडला, भाऊजी?" त्या म्हणाल्या. बाबा म्हणाले, "पाऊस नाही पाडला, पण गाडी तं माहीच होती." पैसे त्यांनी ओट्यावर ठेवले आणि निघून आले. त्यानंतर गावातली भाडी कमी झाली. कोणी तोंडावर काही बोलले नाही. पण आभाळ आले की लोक दुसरी गाडी बोलावू लागले. कर्जाचा हप्ता मात्र आभाळ बघून येत नसे.

मग फट बुजवण्याचे प्रयोग सुरू झाले. दादाने पोत्याच्या बोळ्या करून ठासल्या. त्यांनी पाणी अडवले नाही. पिऊन घेतले आणि सावकाश कापसाला पाजले. नंतर एकाने डांबर सुचवले. ते थंडीत तडकले आणि उन्हात वितळून कॅबिनच्या पाठीवर ओघळले. शेवटी दादाने पत्र्याची पट्टी आणून दोन्हीकडे वेल्डिंग करून घेतले. आता कसे एकजीव झाले, असे सगळे म्हणाले. आठ दिवसांत पट्टी एका बाजूने उखडली, जाताना कॅबिनचा पत्रा फाडून गेली आणि फट पूर्वीपेक्षा मोठी झाली. त्या रात्री दादा म्हणाला, "इकून टाका हे गाडी." बाबा काहीच बोलले नाहीत. आईने ताटे वाढली.

हिंगणघाटच्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री बसतात. बाबा गाडी घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा मी सोबत होते. मिस्त्रींनी फटीत तीन बोटे घातली आणि दादाला म्हणाले, "तू वर चढून उड्या मार." दादा डाल्यात उड्या मारू लागला. मिस्त्रींची बोटे फटीतच होती. थोड्या वेळाने ते बाबांना म्हणाले, "हे दोन येगळे जीव हायेत, भाऊ. याईले बांधसान तं तुटतीन. याईच्या मंदात उशी पाह्यजे."

त्यांनी मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबा घेतल्या. त्या टपाच्या चौकटीवर वरच्या आणि दोन्ही उभ्या बाजूंना लोखंडी पट्टीने बसवल्या. पट्टी फक्त ट्यूबच्या कडेला, म्हणजे पोट मोकळे. मग त्यांत जेमतेम हवा भरली. ट्यूब फुगून कॅबिनच्या पाठीला टेकली, पण कॅबिनला तिचा एक बोल्टही नव्हता. कॅबिन डुलले की ट्यूब दबे, दूर गेले की फुगे. खालची बाजू मिस्त्रींनी मुद्दाम उघडी ठेवली. "चुकून आत गेलेल्या पाण्याले बाहेर जाले रस्ता नोको का?" एवढे बोलून त्यांनी विडी पेटवली. मजुरी घेतली दोनशे रुपये.

1934 साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, असे आपण वाचतो. गावातल्या कारागिराच्या हाताला अक्कल असते, या विश्वासावर ते उभे होते. त्या शेडमध्ये मला त्या विश्वासाचा अर्थ समजला. पुढे एकदा वर्धा जंक्शनवर गाडीत चढताना मी मुद्दाम दोन डब्यांच्या मधोमध थांबले. तिथेही जाड रबरी नळ्यांच्या चौकटी होत्या, एकमेकींवर दाबून बसलेल्या. एकीला दुसरी बांधलेली नव्हती. वळणावर त्या एका बाजूला दबत, दुसऱ्या बाजूला सैल होत आणि माणसे निर्धास्त पलीकडे जात. मिस्त्रींनी रेल्वेचे पुस्तक वाचले नसावे. पण दोघांसमोर प्रश्न एकच होता आणि उत्तरही एकच निघाले.

तेव्हापासून मला इतर फटीही दिसू लागल्या आहेत. मी घरी 'माह्यं' म्हणते आणि वर्गात 'माझे'. पहिल्या वर्षी काही हितचिंतकांनी माझी घरची बोली घासून काढण्याचा सल्ला दिला, आणि गावातल्या काहींनी 'शायनी झाली' म्हणून माझी पुस्तकी भाषा हसण्यावारी नेली. दोघांनाही वेल्डिंग हवे होते. मी दोन्ही ठेवल्या आहेत. घर आणि महाविद्यालय एकाच चासीवर असले, तरी त्यांची डुलण्याची रीत निराळी आहे; मधे थोडी हवा भरलेली असली की माझे काही भिजत नाही.

दादाने गाडी विकण्याचा विषय पुन्हा काढलेला नाही. पुढच्या हंगामात काकूंनी आपला कापूस आमच्याच गाडीत भरला. वाटेत पाऊस लागला आणि आकडा नऊवर थांबला. मात्र ट्यूबचे काम कायमचे नसते. उन्हाने रबर कडक होते, हवा हळूहळू उतरते. बाबा दर हंगामाच्या तोंडाशी अंगठ्याने ती दाबून पाहतात आणि गरज असली तर पंप मारतात. यंदाच्या दसऱ्याला ट्यूब बदलायची आहे.