‘कुठे?’ हा रकाना

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आधी पेण तालुक्यात होती, बदलीनंतर रोह्यात आली. दोन्हीकडे शाळा लहान, द्विशिक्षकी, आणि पटावरची बरीच मुलं कातकरी वाडीतली. मी ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. त्यामुळे आमच्याकडे वाटणी ठरलेली आहे: मुलांचं आई बघणार, आणि ऑनलाइन काही अडलं की मला फोन येणार.

घरात कुणी शिक्षक असेल तर हे फोन तुम्हालाही ओळखीचे असतील. 2015 मध्ये महाराष्ट्रात ‘सरल’ आलं आणि प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ऑनलाइन झाली. शाळेच्या माहितीसाठी यू-डायस प्लस, पगारासाठी शालार्थ, प्रशिक्षण आणि पाठांसाठी 2017 पासून दीक्षा. पोषण आहाराची माहिती रोजच्या रोज वेगळी. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 19 मुलं जेवली तर 1 किलो 900 ग्रॅम. हा हिशोब आई तोंडी करते. तोच वहीतही लिहिते आणि मोबाइलवरही भरते. कारण कॅटलॉग, जनरल रजिस्टर, टाचणवही यातलं कागदावरचं काही गेलेलं नाही. ऑनलाइन काम त्यावर चढलं.

रोह्याजवळ धाटावला एमआयडीसी आहे, तिथे रेंजची अडचण नसते. आईच्या वाडीत ती शाळेमागच्या चढावर मिळते. शेवटची तारीख जवळ आली की सगळे एकाच वेळी माहिती भरायला बसतात, साइट चालत नाही, आणि मग ती रात्री अकरानंतर घरून भरते.

तरी सगळं वाईट आहे असं ती म्हणत नाही. पूर्वी मूल दुसऱ्या शाळेत गेलं की दाखल्याची वाट बघावी लागायची आणि एकच नाव दोन पटांवर राहायचं. आता नवी शाळा ऑनलाइन मागणी करते, जुनी शाळा मंजूर करते. हे तिला पटतं.

तिला सगळ्यात आवडलेलं सॉफ्टवेअर मात्र कुठल्याही कार्यालयातून आलेलं नाही. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाच्या आकारिक आणि संकलित नोंदी, त्यांची बेरीज, त्यावरून श्रेणी. एप्रिलअखेर शिक्षकांच्या घरात कॅल्क्युलेटर घेऊन सगळं कुटुंब बसायचं. मग कुठल्या कुठल्या ‘तंत्रस्नेही’ गुरुजींनी एक्सेलच्या फाइल्स बनवल्या. गुण टाकले की निकालपत्रक तयार. त्या फाइल्स व्हॉट्सॲपवरून तालुकाभर फिरल्या. ज्यांनी स्वतः रात्री जागून बेरजा केल्या होत्या त्यांनीच त्या बनवल्या होत्या, म्हणून कुठली ओळ कुठे हवी ते त्यांना ठाऊक होतं.

तशीच एक शीट मी आईसाठी केली. तिच्या जुन्या वहीवरूनच. नाव, हजेरी, वाचन, गणित, आणि शेवटी एक रकाना: ‘कुठे?’

“आई, यात काय भरायचं?”

“तो कुठे आहे ते. शाळेत नाही एवढं तर कॅटलॉगही सांगतो.”

त्या रकान्यातल्या नोंदी वाचण्यासारख्या असतात. ‘धाकट्या बहिणीला सांभाळतो.’ ‘आजोबांबरोबर नदीवर.’ आणि हिवाळ्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा: ‘भट्टी’.

पेणचे गणपतीचे कारखाने शांत होतात, भात कापून होतं, आणि दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला आख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परततं. मूल तिथल्या शाळेत गेलं नाही तर ऑनलाइन मागणी येतच नाही. नाव जुन्या पटावरच राहतं, मूल मात्र कुठेच नसतं. पोर्टलच्या दृष्टीने ताप आलेला मुलगा आणि भट्टीवर गेलेला मुलगा सारखेच गैरहजर.

आई ही शीट ऑक्टोबरमध्ये चाळते. मागच्या वर्षी कोण गेलं होतं, कोणाच्या घरी आजी आहे, कोणाची भट्टी कुठे. मग संध्याकाळी वाडीवर जाते. गेल्या वर्षी जाणाऱ्या पाचांपैकी दोघं आजीकडे राहिली. उरलेल्या तिघांना तिने शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेने बसवून घ्यावं. त्यातला एकच तिकडे शाळेत गेला. शाळेत न गेलेल्यांपैकी एकाची नोंद तिने जूनमध्ये अशी केली: ‘हजारापर्यंत बिनचूक मोजतो. भट्टीवर शिकला. आता लिहायला शिकवायचं.’ विटांची मजुरी हजारावर ठरते, म्हणून पोराला हजार पाठ. कुठल्या ॲपमध्ये ही नोंद बसेल?

आमच्या कंपनीत काहीही बनवण्याआधी पहिला प्रश्न असतो, हे वापरणार कोण? शिक्षकांच्या बहुतेक ॲप्सचं उत्तर मला ‘वरचं कार्यालय’ असंच दिसतं. शिक्षक फक्त माहिती भरणारा. आकडे वर जातात, वर्गात परत काही येत नाही. कार्यालयाला आकडे लागतात, हे मान्य. पण तेच आकडे शिक्षकाच्या कामी आणणं अवघड नाही. रेंज नसताना भरता यावं, मिळाली की आपोआप जावं. एकदा भरलेलं दुसरीकडे पुन्हा मागू नये. आणि सकाळी फोन उघडल्यावर ‘माहिती भरा’ याऐवजी ‘हा मुलगा तीन दिवस आला नाही, गेल्या वर्षी याच सुमारास गेला होता’ एवढं दिसावं. हे सगळं आईच्या शीटमध्ये आहे, आणि ती शीट मी दोन रविवारांत केली.

ती शीट आई कुणाला पाठवत नाही. त्यात घराघरांतल्या गोष्टी आहेत, त्या व्हॉट्सॲपवर फिरवायच्या नाहीत असं तिचं म्हणणं. फक्त रिकामा नमुना मागेल त्याला देते. केंद्रातल्या दोन बाईंनी नेला आहे. त्यातल्या एकीने ‘कुठे?’च्या पुढे आणखी एक रकाना वाढवला: ‘परत कधी?’