घरटे जेथे

पौषातल्या थंडीत चार दिवसांची सवड काढून मी इंदूरहून बडोद्यास ताईकडे गेलो. निमित्त पक्षी पाहण्याचे होते. मनात हेतू वेगळा होता. मेहुणे जाऊन दोन वर्षे होत आली होती. दांडिया बाजारातील जुन्या घरात सत्तरी ओलांडलेली ताई एकटीच राहते. भाचा नोकरीमुळे सुरतेस. त्याच्याकडे ती जाईना. तेव्हा तिला कायमचे माहेरी आणावे, असे आम्हा भावंडांचे ठरले होते, आणि हे बोलण्याची कामगिरी माझ्याकडे आली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच भाड्याच्या मोटारीने आम्ही डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पोहोचलो. ताईने डब्यात ठेपले घेतले होते. आईच्या हातच्या दशम्यांची जागा तिच्या डब्यात ठेपल्यांनी घेतली, त्यालाही आता पन्नास वर्षे झाली.

शेतीला पाणी मिळावे म्हणून सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत, १९१० च्या सुमारास, हा तलाव बांधला गेला. पाण्यामागून पक्षी आले. २०२१ मध्ये रामसर कराराच्या यादीत त्याची नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी आमच्या इंदूरच्या होळकरकालीन सिरपूर तलावाचीही.

धुके विरळ होऊ लागले. काळ्या अंगाचे आणि कपाळावर पांढरा ठसा असलेले पक्षी थव्याने पोहत होते. "हे वारकरी," मी म्हणालो. ताई हसली. "गंध लावूनच निघालेत की रे!"

पलीकडे चक्रवाकांचे एक जोडपे होते. माझ्यातला शिक्षक जागा झाला. रात्र पडताच या जोडीची ताटातूट होते, हा संस्कृत कवींचा संकेत मी तिला उत्साहाने सांगू लागलो. ताई काही बोलली नाही. तिने शाल घट्ट ओढून घेतली, तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानी आली.

तेवढ्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब पाण्यावर उतरले. विषय बदलावा म्हणून मी सांगितले, "हे तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येतात. थंडी सरली की परत जातात."

"मग यांचं घर कुठलं म्हणायचं? इथलं की तिथलं?"

"जिथे घरटं बांधतात, पिलं वाढवतात, ते घर. इथे नुसता हिवाळा काढायचा."

"झालं तर मग," दुर्बीण माझ्या हाती देत ती म्हणाली, "माझी पिलं बडोद्यातच वाढली. तू कशाला आलास ते मला ठाऊक आहे, बाळ. धाकट्यानं फोनवर सांगून टाकलंय. इंदूरला येईन मी. पण हिवाळ्यापुरती."

मी निरुत्तर झालो. आमचे घराणे चार पिढ्या इंदुरात आहे. तरीही कोणी मूळ गाव विचारले, की मी वाईकडच्या एका खेड्याचे नाव सांगत आलो. तेथे आमचे कौल नाही की अंगण नाही. ताईला मात्र हा हिशेब कधीच घालावा लागला नव्हता.

इंदूरला परतताच सर्वांनी विचारले, "ताई येतेय ना?"

"येतेय," मी म्हणालो. "पुढच्या पौषात. चार दिवस."