लाकडात बसलेलं लोखंड

रायफल घ्यायला निघालेला माणूस आधी नळीत डोळा घालतो. मग बोल्ट मागेपुढे करून बघतो, खांद्याला लावतो, भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरतो आणि भाव विचारतो. ‘जरा लाकूड उतरवून दाखवा’ असं म्हणणारं गिऱ्हाईक विरळा. माझ्याकडे कोणी जुनी रायफल पारखायला आणली की मी नळीकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी चापाच्या कडीपुढचा स्क्रू सोडतो, लाकूड उतरवतो आणि लोखंड त्यात कुठं कुठं टेकत होतं ते बघतो. टेकलेल्या जागी लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालेलं असतं, सुटलेल्या जागी तेलकट धूळ साचलेली असते. ती रायफल किती निगुतीनं बांधली होती आणि आज गोळी कुठं टाकत असेल, हे एवढ्यावरून कळतं. आम्ही याला बैठक म्हणतो. रायफलीचे पैसे वसूल होणार की बुडणार, ते या बैठकीवर ठरतं. नळीवर कोरलेल्या नावाला त्यात फारसा वाटा नाही, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आपल्याकडे नावाला अतोनात भाव आला त्याला कारण आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. त्याआधी संस्थानिकांनी, चहा-कॉफीच्या मळेवाल्यांनी, लष्करी अधिकाऱ्यांनी आणलेल्या माउझर, रिग्बी, मानलिखर-शोनाउअर तेवढ्याच पुढे हातोहात फिरत राहिल्या. २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली, तेव्हा आजोबांची माउझर ठेवायची की वडिलांची बारा बोअर, यावर भाऊभाऊ माझ्यासमोर भांडले. १८९८ च्या माउझरइतकं विचारपूर्वक केलेलं बोल्टचं हत्यार दुसरं नाही, हे मी मानतो. बोल्टला पुढे अडकून धरणारे दोन लग, म्हणजे दात, मागे आधाराला तिसरा, काडतुसाला निघाल्यापासून धरून ठेवणारा रुंद पंजा. पण शंभरीला टेकलेल्या माउझरच्या लाकडात पुष्कळदा बॉडीच्या, म्हणजे बोल्ट ज्यात फिरतो त्या लोखंडी भागाच्या, शेपटामागे बारीक चीर असते आणि ती पॉलिशखाली झाकलेली असते. बॉडीखालचा धक्का झेलणारा लग लाकडाला नीट टेकला नाही, तर दर बाराला सगळी बॉडी मागे सरकते आणि शेपूट लाकूड फोडत जातं. लाखांत भाव सांगणारा विकणारा ही चीर दाखवत नाही.

म्हणून चंदगड-आजऱ्याकडचा कुणी शेतकरी ‘अण्णा, परवाना मिळालाय, आता घेऊ कुठली?’ असं विचारतो तेव्हा मी ईशापूरची ३१५ सांगतो. इंग्रजांनी ३०३ हे फौजेचं काडतूस म्हणून इथल्या लोकांना बंद केलं, तेव्हा बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं त्याच फौजेच्या ली-एन्फील्ड रायफलीची बॉडी घेऊन तिला ऑस्ट्रियाच्या फौजेच्या आठ मिलिमीटर मानलिखर काडतुसाची नळी बसवली आणि ती हिंदुस्थानात विकली. पुढे हुगळीकाठच्या ईशापूरच्या कारखान्यानं तीच घडण चालू ठेवली. काडतुसाच्या बुडावर केएफ दिसतं, ते आपल्या खडकीचं. बोल्ट झपाट्यानं फिरतो, चिखल-धूळ पचवतो, गोळी जड आणि बोथट तोंडाची. उसाच्या बांधावर शंभर मीटरच्या आत रानडुकराला याहून जास्त काही लागत नाही. (गव्याला हात लावता येत नाही, आणि डुकरासाठीसुद्धा आधी वनखात्याचा कागद हातात लागतो. तो नसलेल्याची रायफल मी दुरुस्तीला घेत नाही.)

३१५ ची खोट आहे ती बैठकीत, आणि माझा सगळा धंदा त्या एका खोटीभोवती फिरत आला. माउझरचं लाकूड एकसंध. ३१५ चं दोन तुकड्यांत: मागचा दस्ता लांब बोल्टनं आवळलेला, पुढचं लाकूड वेगळं. या पुढच्या लाकडानं धक्का सोसायचा तो मागच्या टोकाशी असलेल्या दोन छोट्या जागांवर, एक डावी आणि एक उजवी. दोन्हींवर दाब सारखा हवा. एक जागा केसभर सुटली तरी बार उडताना बॉडी त्या बाजूला झुकते. त्यात या बोल्टचे लग मागच्या बाजूला, त्यामुळे बारात बॉडी माउझरपेक्षा मुळातच जास्त ताणली जाते. मग पाचांतल्या तीन गोळ्या एका ठिकाणी पडतात आणि दोन वीतभर लांब. मालक म्हणतो, नळी गेली. बहुतेक वेळा नळीला काही झालेलं नसतं.

झिजलेल्या जागी नवा तुकडा बसवायचा. मी शिसवीचा घेतो. तो चिकटून वाळला की खरं काम सुरू. दिव्याची काजळी तेलात कालवून लोखंडावर पुसट हात फिरवायचा, लाकूड चढवायचं, स्क्रू आवळायचा, परत उतरवायचं. काळा ठिपका उमटला असेल तेवढाच पापुद्रा पटाशीनं काढायचा. पुन्हा काजळी. डावीकडचा ठिपका पसरला की उजवीकडचा नाहीसा होतो. उजवीकडचा आणावा तर डावीकडचा वरच्या कोपऱ्यात पळतो. दोन्हीकडे पूर्ण काळं आलं म्हणून खूश व्हावं, तर स्क्रू आवळताना नळी एका अंगाला ओढली जातेय असं दिसतं. लाकूड काढता येतं, परत घालता येत नाही. एक पापुद्रा जास्त गेला की तुकडा फेकून पहिल्यापासून सुरुवात. माझी बायको म्हणायची, तुमच्याशी बोलायचं तर काजळीचं भांडं झाकलेलं आहे ना ते आधी बघावं लागतं.

आणि बैठक जमली तरी ती जमते त्या हवेपुरती. आमच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात आषाढात लाकूड फुगतं आणि फाल्गुनात आकसतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. म्हणून तुकड्याच्या रेषा धक्क्याच्या दिशेनं धरायच्या, म्हणजे पावसाळा त्याला कमी छळतो. त्यात निवडणूक. आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करावी लागतात आणि भर पावसात ती एखाद्या दमट खोलीत भिंतीला टेकून उभी राहतात. परत मिळालेली रायफल घेऊन माणूस येतो, ‘अण्णा, जमा करताना गोळी बरोबर पडत होती.’ त्याचं खरंच असतं. मालक दस्त्याला बाहेरून जवसाचं तेल चोळतात, दिवाळीला चमकवतात, पण पाणी शिरतं ते आतल्या कोऱ्या लाकडातून. तिथं कुणी तेल लावत नाही.

आमच्या धंद्यातलेही लावत नाहीत, हे जास्त लागतं. आता दुरुस्ती म्हणजे नळीवर नवी निळी चढवायची, लाकडावर काचेसारखं चकाकणारं पॉलिश फवारायचं आणि वर एक दुर्बीण बसवून द्यायची. हलत्या बैठकीवर दुर्बीण बसवून काय मिळणार? फक्त चुकलेली गोळी मोठी दिसणार. या कामाचे माझ्या दुप्पट पैसे घेतात आणि गिऱ्हाईक आनंदानं देतं, कारण चमक दिसते आणि बैठक लाकडाखाली झाकलेली. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं वयही आता राहिलं नाही.

पण वर्षभरापूर्वी माझ्या बोटांनी दगा द्यायला सुरुवात केली. पटाशीच्या धारेला लाकूड किती मऊ लागतंय, ते अंगठ्याला पूर्वीसारखं कळेना. चष्मा बदलून ठिपका दिसतो, स्पर्श परत येत नाही. त्याच सुमाराला आयटीआयमधून फिटरचं काम शिकलेली एक मुलगी माझ्याकडे आली. तिचा ओढा मूळ नेमबाजीकडचा. कोल्हापुरात तो असणारच. तेजस्विनी सावंत इथल्या, आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातला. स्पर्धेच्या २२ बोअर रायफली अॅल्युमिनियमच्या चौकटीत बसतात, आषाढ-फाल्गुन त्यांना कळत नाही. तिचे डोळे त्यावर घडलेले. तिनं माझी काजळी बघितली, पुढचं लाकूड हातात फिरवलं आणि विचारलं, ‘अण्णा, इथं इपॉक्सी का भरत नाही?’

मी सरळ नाही म्हणालो. तिनं एका मोडीत निघालेल्या पुढच्या लाकडावर करून दाखवलं. दोन्ही जागा खोल कोरल्या, स्टीलची पूड मिसळलेलं इपॉक्सी भरलं, लोखंड चिकटू नये म्हणून त्याला मेण लावलं आणि ते जागेवर बसवून रात्रभर सोडलं. सकाळी उतरवलं तर बॉडीच्या त्या भागाचा हुबेहूब ठसा, डावीकडे जसा तसाच उजवीकडे. मग तिनं नळीला डायल गेज लावून स्क्रू सैल केला. काटा जवळजवळ हललाच नाही. माझ्या हातच्या सगळ्यात चांगल्या बैठकीला तो थोडा हलतो. मी स्वतः तपासलं, दोनदा.

त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या भाच्याचा फोन. ‘मामा, हरणासाठी रायफल घ्यायचीय, स्वस्तातली पण चांगली सांग.’ मी म्हटलं, दुकानात लाकूड उतरवून आतले फोटो पाठव. त्यानं रुगर अमेरिकनचे पाठवले, २०१२ च्या सुमाराला बाजारात आलेली, तिथल्या स्वस्त रायफलींपैकी. दस्ता प्लास्टिकचा, हाताला पोकळ लागेल असा. पण त्यात स्टीलचे दोन व्ही आकाराचे ठोकळे ओतलेले, आणि बॉडी त्यांच्यावर बसते. ज्या बैठकीसाठी मी महिनोन्‌महिने पटाशी चालवत आलो, ती तिथं साच्यातूनच बाहेर येते. तिथलेच लोक १९६४ च्या आधीच्या विंचेस्टर ७० ला आजही जादा पैसे मोजतात, कारण त्या साली कंपनीनं खर्च कपात करताना घडण बदलली. ती माया मला समजते. भाच्याला मात्र मी रुगर घे म्हणालो आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घेऊन सराव कर म्हणालो.

आता दुकानात येणारी ३१५ ती मुलगी बसवते आणि मी बघतो. काम चांगलं होतं, पावसाळ्यानंतर परत येणाऱ्या रायफली कमी झाल्या. मीच गिऱ्हाइकांना सांगतो, हिच्याकडून करून घ्या. तरी मनात एक गोष्ट आहे ती सांगून टाकतो. मी बसवलेल्या प्रत्येक बैठकीत, पुढच्या लाकडाच्या आत, पटाशीच्या टोकानं एक बारीक खूण केलेली आहे. मालकाला ती कधी दिसत नाही. दुसऱ्या कारागिरानं लाकूड उतरवलं तर त्यालाच दिसेल, आणि त्यानं ती बघून थबकावं, एवढ्याचसाठी ती केलेली आहे. परवा मुलीनं विचारलं, जुन्या गिऱ्हाइकांच्या रायफली एकेक करून बोलावून घेऊ या का, सगळ्यांना इपॉक्सी भरून टाकू. तांत्रिक अंगानं तिचं बरोबर आहे. मी तिला सांगितलं, ज्यांची बैठक सुटली असेल त्या जरूर कर. पण माझी खूण असलेली आणि अजून नीट मारणारी एकही रायफल मी असेपर्यंत कोरायची नाही.