विकतचे पाचट

पाचट विकत घेणारी बाई म्हणून आमच्या वाडीत माझे नाव झाले आहे. बी विकत घ्यावे, खत विकत घ्यावे, पण उसाचा वाळला पाला कोणी पैसे मोजून आणतो काय, असे म्हणत पहिल्या वर्षी सगळी वाडी हसली. हसणारांत आमच्या घरचेही होते. आणि खरे सांगायचे तर त्या खेपेला मी फसलेही होते. ती फसगत आणि त्यानंतरचा व्यवहार, दोन्ही सांगावे म्हणून लिहायला बसले आहे. आमच्यासारख्या कोरडवाहू गावात ज्यांनी परसबाग धरली आहे त्यांना उपयोग होईल.

माझे माहेर कृष्णाकाठचे, कराडच्या बाजूचे. सासर माणदेशात. अंतर पन्नास-साठ किलोमीटरांचे, पण पाण्याच्या हिशेबाने दोन निराळे मुलूखच. माहेरी ऊसतोड झाली की फडात गुडघाभर पाचट पडे. वाढे जनावरांना जाई आणि राहिलेल्या पाचटाला सांजच्याला वारा पडला की काडी लागे. रात्री आभाळ तांबडे दिसायचे. सकाळी वाळत घातलेल्या धोतरावर, अंगणात, उघड्या राहिलेल्या घागरीत काळी राख. आई रोज चिडायची आणि रोज घागर ओतून पुन्हा भरायची. तेव्हा पाणी ओतून देण्याइतके होते.

सासरी आले आणि पाहिले, तर इथे जमिनीवर मूठभर पाला राहत नाही. ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, मटकी-हुलग्याचे भुसकट, सगळे गोठ्यात. ते बरोबरच आहे. जनावराच्या तोंडचा घास काढून वांग्याच्या बुडाला कोण घालील? 'झाडाच्या बुडाशी आच्छादन करा' असे रेडिओवर ऐकले की मी मनात म्हणे, कशाचे करू, दगडांचे? तेवढे मात्र आमच्याकडे भरपूर.

परसातली बाग मुळात आत्याबाईंची. गुंठाभर जागा. वांगी, मिरची, गवार, घेवडा, कुंपणावर दोडका आणि कारले, कोपऱ्यात शेवगा आणि लिंबू, मोरीच्या पाण्यावर अळू. घरातली निम्मी भाजी त्यातून निघे. 2018 साली पावसाने पाठ फिरवली आणि 2019 च्या उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू झाला. विहिरीत पाणी इतके खाली गेले की मोटर अर्धा तास चाले न चाले. आत्याबाई भांडी धुतलेले, अंघोळीचे, सगळे पाणी घागरीने बागेत नेत. रोज वीस-बावीस घागरी. आम्ही नको म्हणायचो. त्या म्हणायच्या, "लेकरावाणी वाढवलंय, डोळ्यांदेखत वाळू देऊ व्हय?" मे महिन्यात एका दुपारी घागरीसकट घसरल्या आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. ओसरीवर बसून त्यांनी बाग वाळताना पाहिली. तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण जेवण निम्म्यावर आले. तेव्हाच मी ठरवले की पुढच्या उन्हाळ्याआधी बागेतली जमीन झाकायचीच.

पाचटासाठी पहिला फोन साहजिकच माहेरी केला. वाटले, दादा एक ट्रॉली भरून देईल. दादा हसायला लागला. म्हणाला, "अगं, आता आम्ही जाळत नाही. सरीत दाबतो. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर जिवाणू खत टाकतो, पावसाळ्यापर्यंत निम्मं कुजून जातं. खोडव्याला पाणीसुद्धा कमी लागतं. तुला साडी मागितलीस तर देईन, पाचट नाही." राग आला, पण त्याचे चुकले नव्हते. ज्याच्या रानातले पाचट त्याच्याच रानाला मिळावे, हेच खरे. आजही मी कुणाचे पाचट आणते तेव्हा ते काडीच्या तोंडातून वाचलेले असेल तरच आणते.

मग एका व्यापाऱ्याचा पत्ता लागला. तो वैरण आणि पाचट गावोगाव पोचवत असे. भाव ट्रॉलीवर. पाचटाचे दोन हजार, ट्रॅक्टरचे भाडे चार हजार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसे. पैसे माझे होते, अंड्यांचे आणि बचत गटातून उचललेले. जानेवारी 2020 मध्ये ट्रॉली दारात आली. घराच्या पाख्याइतकी उंच दिसत होती. पोरे नाचली. मीही खूश झाले आणि पैसे मोजून दिले. इथेच चुकले.

ट्रॉली उपसली तर मध्ये पोकळी. कडेने पेंढ्या उभ्या रचलेल्या, वर शाकारणी केल्यासारखा थर आणि आत हवा. तळाला वीतभर भिजलेले, काळे पडलेले, मातीची ढेकळे धरलेले पाचट. त्याला कुबट वास येत होता. ह्यांनी एवढेच विचारले, "वजन केलं होतंस?" मी गप्प. सोने गुंजेने तोलून घेणारी आम्ही माणसे, पाचट मात्र डोळ्याने मोजले.

आणखी एक चूक मी स्वतःच्या अकलेने केली. काही वाफ्यांत पाचट वर पसरले आणि वांग्याच्या वाफ्यात, लवकर कुजेल म्हणून, कुदळीने मातीत मिसळले. पंधरा-वीस दिवसांत वांग्याची पाने पिवळी पडली. दादाला विचारले तेव्हा कळले. वाळके पाचट मातीत गेले की ते कुजविणारे जिवाणू आपल्या पोटासाठी मातीतले नत्र ओढून घेतात आणि झाड उपाशी राहते. म्हणून तर तो सरीत युरिया टाकत होता. तेच पाचट मातीच्या वर राहिले तर ही ओढाताण फक्त वरच्या पापुद्र्यात होते, मुळांपर्यंत जात नाही. मग गोमूत्र दहापट पाण्यात घालून दोन-तीन वेळा दिले आणि कुजलेल्या शेणखताची ओंजळ प्रत्येक झाडाला घातली. निम्मी वांगी सावरली.

त्या ट्रॉलीत निम्मीच बाग झाकून झाली. पण मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद झाले, आणि त्या उन्हाळ्यात निम्मी बाग झाकलेली आणि निम्मी उघडी असा मुकाबला आपोआप डोळ्यांसमोर राहिला. उघड्या वाफ्याला रोज पाणी घातले तरी दुपारी मिरची माना टाकायची. झाकलेल्या वाफ्यात चौथ्या दिवशी बोट खुपसले तरी ओल लागे. एप्रिलअखेर उघडी बाजू आम्ही सोडून दिली. झाकलेल्या बाजूने घराला भाजी दिली आणि शेजारच्या दोन घरांनाही गवार-मिरची गेली. हसणाऱ्यांतली पहिली बाई तेव्हाच विचारायला आली, "ते पाचट कुठनं आणलं गं?" मी म्हटले, "तिथनं आणू नका."

कारण पाऊस पडला आणि त्या ट्रॉलीचा शेवटचा प्रसाद मिळाला. झाकलेल्या वाफ्यांतून गाजर गवत उठले. पाचट वाटेकडेच्या बांधावरून खरडून आणलेले असणार, त्यात त्याचे बी आले. एका रोपाला हजारोंनी बी धरते, त्यामुळे फुलायच्या आत उपटणे एवढाच उपाय. हातमोजे घालून उपटले, कारण आत्याबाईंच्या हाताला त्याने खाज उठते. तीन पावसाळे ते काम पुरले.

दुसऱ्या खेपेला, म्हणजे जानेवारी 2021 मध्ये, मी आधी हिशेब मांडला. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यातल्या पायवाटा, शेवग्याखालची जागा, मोरी वगळून वाफ्यांची जागा भरली सुमारे साडेपाचशे चौरस फूट. सैल पाचट अर्धा फूट जाड टाकले म्हणजे पावणेतीनशे घनफूट. ते दबून महिनाभरात तीन बोटांवर येते, म्हणून सुरुवातीला एवढे हवेच. पण पाचट सैल असले की ट्रॉलीभर दिसते आणि वजनाला काहीच भरत नाही, तेव्हा घनफुटाचा सौदा करायचा नाही, किलोचा करायचा, हे मनाशी पक्के केले. आता ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरमागे यंत्र लावून पाचटाच्या गाठी बांधतात. चौकोनी, दोरीने आवळलेल्या, वीस किलोच्या आतबाहेर. मी वीस गाठी घेतल्या, किलोला दोन रुपयांनी. वजनकाट्याची चिठ्ठी घेतली आणि मगच आठशे रुपये दिले.

भाड्याचा प्रश्न ह्यांनी सोडवला, हे कबूल करायला हवे. आमच्या गावचा एक टेम्पो डाळिंब घेऊन कराडला जातो आणि रिकामा परततो. रिकाम्या फेरीत माल घातला तर त्याला डिझेलापुरते मिळाले तरी चालते. सातशे रुपयांत गाठी दारात आल्या. गेल्या वर्षी सहा हजारांत निम्मी बाग, या वर्षी पंधराशेत पुरी बाग आणि चार गाठी शिल्लक.

गाठ घेताना मी काय पाहते ते सांगते. हात आत घालून पाहायचा. आत गरम लागले किंवा ओल लागली तर ती गाठ नको. ओली बांधलेली गाठ आतून तापते आणि बुरशी धरते. ती फोडताना धुरळा उडून छातीत जातो. एक गाठ तिथेच फोडून झटकायची. खाली माती, प्लॅस्टिक, गवताचे बी किती पडते ते दिसते. रान कुठले ते विचारायचे. विचारायला लाजू नये, बैल घेताना आपण दात पाहतोच की.

घरी आणल्यावर आणखी चार गोष्टी शिकले. गाठी घराच्या भिंतीला लावून ठेवल्या नाहीत. आमच्याकडे वाळवी फार, तिला वाळके पाचट म्हणजे आमंत्रण. चुलीपासूनही लांब. एक ठिणगी पुरे. पसरण्याआधी वाफा भिजवून घेतला, कारण कोरड्या जमिनीवर झाकण घातले तर वरचे थोडके पाणी पाचटच पिऊन टाकते. झाडाच्या खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवली, नाहीतर खोड ओले राहून कुजते. आणि पाचटात हात घालण्याआधी काठीने हलवायचे. गारव्याला विंचू येतो, बेडकामागे सापही येतो. आत्याबाई तर काठी आपटून आधी "उठा रं" म्हणतात.

कोंबड्यांचे मात्र उत्तर मला अजून सापडलेले नाही. सकाळी पसरलेले पाचट दुपारपर्यंत उकरून पायवाटेवर. त्यात किडे मिळतात, त्यांचाही दोष नाही. शेवटी वाफ्याच्या कडेला बाभळीच्या फांद्या लावल्या. तरी एक लाल कोंबडी उडून आत जातेच. त्या कोंबडीचीच अंडी विकून पहिली ट्रॉली आणली होती, म्हणून मी तिला फार बोलत नाही.

उसाचे पाचटच हवे असे काही नाही. कोकणात पालापाचोळा आणि भाताचा पेंढा आहे. तेलाच्या घाण्याजवळ राहणाऱ्यांनी शेंगांची टरफले विचारावीत. तीही चांगली, वाऱ्याने उडतात एवढेच. काहींनी मला प्लॅस्टिकचा कागद सुचवला. टोमॅटोच्या एकरी बागेत तो चालतो, खोटे कशाला बोलू. पण तो कुजून माती होत नाही आणि फाटला की त्याच्या चिंध्या आपल्यालाच वेचाव्या लागतात. पाचटाखाली मात्र दुसऱ्या वर्षी माती काळी दिसू लागली. गांडुळे दिसली. माणदेशात उन्हाळ्यात गांडूळ दिसणे ही केवढी गोष्ट आहे ते आमच्या लोकांनाच कळेल.

आत्याबाईंचे मनगट जुळले, पण जोर पूर्वीसारखा आला नाही. घागर आता त्या उचलत नाहीत, तांब्याने पाणी घालतात. कोणत्या वाफ्याला कधी पाणी घातले ते त्या ओसरीच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढून लिहितात. रोजच्या वीस-बावीस घागरी होत्या. गेल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड सात-आठ पुरल्या. यंदा पाडव्याच्या आधीच त्यांनी मला विचारले, "ते टेम्पोवालं पोरगं कधी जाणाराय कराडला? औंदा पंचवीस गाठी सांग. शेवग्याच्या बुडाला बी घालायचंय." पैसे कुणाचे, असे मी विचारले. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडून पाचशेच्या दोन नोटा काढल्या आणि म्हणाल्या, "काट्याची चिठ्ठी मात्र आण."