वजूच्या पाण्यात चरचरणारे हात

मागच्या महिन्यात माझ्या जुन्या गाडीचं हेड गॅस्केट गेलं. गॅरेजवर गेलो तेव्हा इंजिन उघडलेलं होतं. व्हॉल्व्ह, नटबोल्ट, झाकणं, सगळं पत्र्याच्या ट्रेमध्ये पेट्रोलात भिजत पडलं होतं आणि ते ब्रशनं घासत बसलेला पोरगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. "अस्सलामु अलैकुम, सर," म्हणत त्यानं हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. बोटांना भेगा पडल्या होत्या.

असरची अजान झाली. नळावर वजू करताना भेगांत पाणी गेलं तसा त्याचा चेहरा आक्रसला. मी विचारलं, तर हसून म्हणाला, "सवय झालीय, सर."

उस्ताद म्हणाले, "मास्तर, पेट्रोलसारखी सफाई कशानं होत नाही. आणि ते टाकीतूनच निघतं, वेगळा खर्च नाही."

त्यांचं खोटं नव्हतं. पण पेट्रोल ग्रीस ओढून घेतं तसंच कातडीतलं तेलही ओढून घेतं. त्यात थोडं बेंझीन असतं, आणि बेंझीन वर्षानुवर्षं अंगात गेलं तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. शून्याखाली 40 अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी वाफ सुटते. इथे तर चार पावलांवर चहाचा स्टोव्ह होता.

"मग रॉकेल?" पोरानं विचारलं. ते पेट्रोलइतक्या पटकन पेटत नाही, पण हातांची गत तीच. कॉस्टिक सोड्याचं नाव निघताच उस्तादांनीच फळीवरून अॅल्युमिनियमचं एक झाकण काढून दाखवलं. काळं पडलेलं, खड्डे पडलेलं. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. तोही पेटणाराच.

फळीवर ब्रेक साफ करायचा एक स्प्रेही होता. "हा पेटत नाही म्हणे," उस्ताद म्हणाले. मी चष्मा चढवून मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. तो क्लोरीनवाल्या रसायनाचा होता. असा स्प्रे तापलेल्या धातूवर किंवा वेल्डिंगजवळ मारला तर फॉस्जिन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. न पेटणारं म्हणजे निर्धोक, असं नसतं.

डबा हातात धरून मला माझीच लाज वाटली. या पोराला मी दोन लिप्या शिकवल्या, निबंध लिहून घेतले, पण डब्याची मागची बाजू वाचायला कधी शिकवलं नाही.

शेवटी ठरलं ते असं: पाण्यात मिसळायचं डिग्रीझर, तेही अॅल्युमिनियमला चालेल असं लिहिलेलं. हातात नायट्राइलचे मोजे. भाग धुतल्यावर लगेच कोरडे करून लोखंडाला तेलाचा हात, नाहीतर गंज चढतो. हात साबणानंच धुवायचे, पेट्रोलनं नाही.

"आणि पैसे?" उस्तादांनी विचारलं. "गिऱ्हाईक बिलातले पन्नास रुपयेसुद्धा सोडत नाही."

ते गिऱ्हाईक मीच होतो. मागच्या वेळी मजुरीत घासाघीस करून मी खुशीत घरी गेलो होतो. ती बचत कुणाच्या कातडीतून आली, ते आता समोर दिसत होतं. म्हटलं, "माझ्या बिलात लावा. मी काही बोलणार नाही."

घरी येऊन एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वर मराठीत 'ज्वलनशील', खाली उर्दू लिपीत 'आतिशगीर'. दुसऱ्या दिवशी तो ट्रेच्या वर टांगला. स्टोव्ह दाराबाहेर गेला होता.

परवा गाडी आणायला गेलो. पोरानं सलाम करून हात पुढे केला. भेगा अजून पुरत्या भरल्या नव्हत्या, पण या वेळी त्यानं हात मागे घेतला नाही. बिलात डिग्रीझर आणि मोज्यांची वेगळी ओळ होती. मी पैसे मोजले आणि निघालो.