ताटाची हजेरी

जास्त खाणाऱ्याला नावं ठेवायला मराठीत शब्दांची काही कमी नाही. हावरट, अधाशी, खादाड, बकासुर... सगळे शेरेच. प्रगतिपुस्तकात लाल शाईने मारतात ना, तसे.

माझी एक भाची नोकरीसाठी पुण्यात एकटी राहते. (तिला विचारूनच लिहिते आहे.) दिवसभर तिचं 'डाएट', दुपारी नुसत्या काकड्या. रात्री अकरा वाजता मात्र खा खा सुटते. शेव, बिस्किटं, फ्रीजमधला कालचा भात, हाताला लागेल ते, उभ्या उभ्या, पोट दुखेपर्यंत. "आत्या, चवसुद्धा कळत नाही गं. थांबताच येत नाही," असं ती म्हणाली तेव्हा माझ्या पोटात कालवलं. मग रडणं, आणि उद्यापासून कडक उपासाचा निश्चय!

याला डॉक्टर 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या सूचीत 2013 साली त्याला स्वतंत्र जागा मिळाली. लग्नात चार जिलब्या जास्त खाल्ल्या तर तो आजार नव्हे. ताबा सुटल्याची भावना, नंतरची शरम, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, अशी त्याची खूण आहे.

भाची मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते. त्यांनी इतर उपचारांबरोबर तिला चक्क एक बेदाणा खायला सांगितला. बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, मग सावकाश चावायचा. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ताणतणावासाठी जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला हा प्रसिद्ध धडा. पुढे जीन क्रिस्टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही सजगता खास खाण्यासाठी वापरली. त्यांच्या 1999 च्या छोट्या अभ्यासात 18 स्त्रिया होत्या. सहा आठवड्यांत त्यांचे असे प्रसंग आठवड्याला चारच्या वरून साधारण दीडवर आले. नंतर मोठे अभ्यासही झाले. खाण्याचे झटके कमी होतात, वजन मात्र उतरेलच असं नाही, असं त्यातून दिसतं.

मला वाटलं होतं, सजगता म्हणजे मनावर लगाम. तसं नाही. मी जन्मभर शाळेत हजेरी घेतली, म्हणून मला ते असं समजलं : हजेरी घेताना बाई छडी मारत नाहीत. कोण आलंय, कोण नाही, एवढंच टिपतात. तसंच इथे. ही भूक आहे, की कंटाळा, की ऑफिसातला अपमान? पोट भरलं का? नुसती नोंद. रागवायचं नाही, कारण स्वतःवर रागावलं की उपास, उपासातून भूक आणि भुकेतून पुन्हा रात्रीचा डबा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपण हसण्यावारी नेतो, पण तिच्यात हेच चक्र आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही असं सांगितलंय. त्याच श्लोकात अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असंही आहे. आपण लेकीसुनांना पहिला अर्धाच ऐकवतो.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. रात्री पुन्हा शेवेची इच्छा झाली, पण या खेपेस तिने ताटलीत घेतली आणि बसून खाल्ली. "आत्या, शेव खवट होती गं! इतके दिवस मला कळलंच नव्हतं!" अर्धी ताटली तिने टाकून दिली. दोघी खूप हसलो.

ती पूर्ण बरी झाली असं नाही. मधून मधून तशी रात्र येते. आता मात्र दुसऱ्या दिवशी ती उपास न करता वेळेवर पोळीभाजी खाते. डॉक्टरांच्या मते तेच महत्त्वाचं.

असो. आपल्या घरात असं कोणी असेल तर शेरा मारण्याआधी शेजारी बसून जेवा, आणि डॉक्टरांकडे जायला सोबत करा.