मुळशीतील काचेचा समुद्र

मुळशीला पाण्याचे अप्रूप नाही. ताम्हिणीचा पाऊस आणि धरणाचा विस्तीर्ण जलाशय आपल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या ओळखीचा. १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, त्याचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेवाटे अरबी समुद्राला मिळते. समुद्र मात्र घाट चढून वर येत नाही. तो आपल्या विज्ञानकक्षातील दोनशे लिटरच्या टाकीत कसा नांदला, कसा ओस पडला आणि पुन्हा कसा वसला, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने नोंदवून ठेवावेसे वाटते.

सागरी माशांचे वेड मला लहानपणी लागले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून दुसऱ्या दिवशी वडील आम्हा भावंडांना १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात घेऊन गेले होते. शिक्षक झाल्यावर तेच रंग विद्यार्थ्यांना दाखवावेत, ही इच्छा मनात राहिली.

खारे पाणी आम्ही येथेच तयार करतो. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरला सात किलो मत्स्यालयाचे मीठ लागते. बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागे राहते. म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरावी लागते. जिवंत प्रवाळ मात्र आम्ही ठेवत नाही. खडक रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. आमचे खडक कृत्रिम आहेत आणि क्लाउनफिश बीजोत्पादन केंद्रात जन्मलेले. या माशांच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने विकसित केले आहे.

तीन वर्षांपूर्वी एका नव्या माशासोबत क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी टाकीत शिरला. विकत घेताना तो मासा निरोगी दिसत होता. काही दिवसांत सर्वच माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले आणि आठवडाभरात एकही मासा उरला नाही. वसतिगृहातील मुले घरापासून दूर असतात. त्या माशांना त्यांनी नावे दिली होती. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. कोणी म्हणाले, समुद्राची वस्तू डोंगरात टिकायची नाही. मी मुलांना एवढेच सांगितले की, दुःखाला कारण असते आणि कारण शोधता येते.

कारण सापडले. हा जीव माशाच्या कातडीवर काही दिवस पोसतो, मग गळून वाळूवर, काचेवर कोश करतो. कोश फुटला की त्यातून शेकडो पिल्ले निघतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. पण काही कोश फुटायला सत्तर दिवसांहून अधिक काळ घेतात. म्हणून मत्स्यपालक टाकी शहात्तर दिवस माशांविना ठेवतात. आम्हीही ठेवली. आत फक्त गोगलगायी आणि शंखात राहणारे खेकडे होते. त्यांना हा रोग होत नाही. मुले पाळीपाळीने रिकाम्या टाकीचे तापमान आणि क्षारता वहीत लिहीत. रिकाम्या टाकीची निगा राखणे हे मासे पाळण्याहून अवघड असते.

त्यानंतर दोन नवे क्लाउनफिश आले. त्यांना तीस दिवस वेगळ्या छोट्या टाकीत ठेवले. त्यांचे जाळे वेगळे, बादली वेगळी. तेव्हा आठवीतील एक मुलगी म्हणाली, “सर, माझ्या आजीला गावात असंच वेगळं भांडं होतं. मग यात आणि त्यात फरक काय?”

वर्ग स्तब्ध झाला. आपल्या घराघरांतून आलेला तो प्रश्न होता. ‘विलगीकरण’ हा शब्द २०२० मध्ये सर्वांच्या ओळखीचा झाला. ‘बहिष्कृत’ हा शब्द बाबासाहेबांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाच्या नावातच घेतला. दोन्हींत माणूस वेगळा काढला जातो. उत्तर सांगण्याऐवजी मी इतिहासाचा तास त्यावरच घेतला. व्हेनिस बंदरात प्लेगच्या भीतीने जहाजे चाळीस दिवस रोखत, त्यावरून ‘क्वारंटाइन’ शब्द आला, हे सांगितले. मग मुलांनीच फळ्यावर चार कसोट्या लिहिल्या: कारण तपासता येते का? मुदत ठरलेली आहे का? नियम सर्वांना सारखा आहे का? वेगळे ठेवलेल्याचे त्यात हित आहे का?

विलगीकरणाचे तांबेयुक्त औषध छोट्या टाकीतच देता येते. मोठ्या टाकीत ते गोगलगायी आणि खेकड्यांचा जीव घेईल. प्रवासाने थकलेला मासा एकांतात निवांत खातो. स्वस्त असो वा महाग, प्रत्येक नवा मासा तीस दिवस थांबतो. आजीच्या भांड्याला यांपैकी एकही कसोटी लागू होत नव्हती. त्याला कारण जन्माचे होते आणि मुदत नव्हती.

त्या मुलीने छोट्या टाकीच्या काचेवर सुटकेची तारीख लिहिली. तारीख आली तेव्हा तिनेच ती पुसली आणि दोन्ही मासे मोठ्या टाकीत सोडले.

आज ती जोडी खडकाच्या कपारीत रुळली आहे. वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लावण्याचे काम नववीचे विद्यार्थी करतात. नव्या माशांसाठीच्या छोट्या टाकीवर आता नियमच आहे: मुदतीची तारीख लिहिल्याशिवाय तिच्यात कोणालाही ठेवायचे नाही. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी संमेलनास येताना विज्ञानकक्षात जरूर डोकवावे. काचेवर टकटक मात्र करू नये.